कादंबरीचे बीज : सापडणे आणि ओळखणे

१

एम. ए.च्या वर्गात कादंबरी हा वाङ्मयप्रकार शिकवून होत आला की दरवर्षी एक प्रसंग ठरल्याप्रमाणे घडतो. तास संपतो, वर्ग रिकामा होतो आणि एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी मागे रेंगाळते. वही आवरण्यात थोडा वेळ जातो. मग संकोचाने प्रश्न येतो : ‘मॅडम, कादंबरी लिहावी असं फार दिवसांपासून मनात आहे, पण विषय सुचत नाही. लेखकांना विषय सुचतात तरी कुठून?’

अध्यापनाच्या पंधरा-सोळा वर्षांत या प्रश्नाला मी दोनच उत्तरे देत आले. एक, ‘भरपूर वाचा’. आणि दुसरे, ‘आपल्या अनुभवावर लिहा.’ दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. मात्र त्यांनी सुटका होते ती उत्तर देणाराची, विचारणाराची नव्हे. कादंबरीचे आशयसूत्र, कथानक, पात्रचित्रण, निवेदनपद्धती, भाषा या घटकांची चर्चा आपण तासन्‌तास करतो. परंतु ती सिद्ध झालेल्या कलाकृतीची चर्चा असते. कलाकृती सिद्ध होण्यापूर्वी ती लेखकापाशी कोणत्या रूपात होती, हा प्रश्न ‘निर्मितिप्रक्रिया’ नावाच्या एका प्रकरणात उरकला जातो आणि तेथेही विवेचन प्रतिभा, स्फूर्ती, अंतःप्रेरणा या शब्दांपाशी येऊन थांबते. विद्यार्थी ते शब्द उत्तरपत्रिकेत लिहितो आणि आपल्यापाशी त्यांतले काही नाही, अशी समजूत करून घेऊन घरी जातो.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : नवोदित कादंबरीकारापुढची अडचण बीज सापडण्याची नसते, ओळखण्याची असते. बीज बहुधा त्याच्यापाशी असतेच. पण ‘हे साहित्यात येण्याजोगे नाही’ असे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. आणि तसे ठरविण्याचे शिक्षण त्याला देण्यात आपल्या मराठी विभागांचा वाटा थोडाथोडका नाही.

२

प्रतिभेच्या गूढ कल्पनेला आपण परंपरेचा आधार देतो. पण परंपरा स्वतः इतकी गूढ नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यहेतूंचा विचार करताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा. ती शिकविता येत नाही, हे मान्य. परंतु निपुणता ही लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवेक्षणातून, म्हणजे लक्षपूर्वक पाहण्यातून येते; आणि अभ्यास हा काव्य जाणणाऱ्यांकडून शिकून करावयाचा असतो. शिवाय हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू होतो, तीन वेगळे हेतू नव्हेत, असेही त्याने स्पष्ट केले आहे.

हे काव्यहेतू आपल्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे येत आले आहेत. तरीही लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपण यांतील पहिलाच शब्द ठेवतो आणि उरलेले दोन सोडून देतो. वस्तुतः ‘विषय कुठून सुचतात?’ या प्रश्नाचे उत्तर मधल्या शब्दात आहे. लोक, शास्त्र आणि काव्य ही कादंबरीकाराची तीन शिवारे आहेत. मराठी कादंबरीचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर बीज नेमके कोठून आले आणि कशामुळे रुजले, याचे दाखले पुष्कळ मिळतात.

३

तत्पूर्वी विषय आणि बीज यांत भेद केला पाहिजे, कारण आपल्या बोलण्यात ही दोन्ही एकच मानली जातात. विधवांचे दुःख हा विषय घेऊ. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. दोहोंचा विषय स्त्रियांचे, विशेषतः विधवांचे, दुःख हाच. इतकेच काय, दोन्ही नायिकांचे नावही यमुनाच. पण पदमनजींची यमुना प्रवासाला निघते. ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या पाहते, ऐकते आणि अखेर लेखकाला इष्ट वाटणाऱ्या मार्गाला लागते. तेथे बीज आहे ते प्रबोधनाचे. व्यक्ती त्या प्रबोधनाच्या सोयीने भेटत जातात. आपट्यांची यमू स्वतःच्या तोंडाने, लहानपणापासूनची हकीकत सांगू लागते. माहेरचे घर, सासरचे घर, माजघर, ओटी, कोणाच्या रागाची कोणाला भीती, कोणते बोलणे कोणासमोर करावयाचे नाही, हे सर्व तिच्या सांगण्यात येते. विषय तेहतीस वर्षे जुना होता आणि वर्तमानपत्रांतून त्यावर वाद झडत होते. नवे होते ते एवढेच, की ही हकीकत ती भोगणारी बाईच सांगेल. ‘कोण सांगेल?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि सर्वांना ठाऊक असलेल्या विषयाचे बीज झाले.

तेव्हा विषय हे सार्वजनिक असतात. ते कोणालाही मिळतात. आता तर संगणकाला विचारले असता क्षणार्धात पन्नास विषय, त्यांच्या कथानकांच्या रूपरेषांसह, पुढ्यात येतात. काही विद्यार्थ्यांनी तसे विषय माझ्याकडे आणलेही. त्यांत दुष्काळ होता, स्थलांतर होते, आंतरजातीय विवाह होता, वृद्धाश्रम होता. एकही विषय वाईट नव्हता आणि एकाही विषयावर कोणी दहावे पान लिहू शकले नाही. विषयांचा तुटवडा हे लेखन न होण्याचे कारण नव्हे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

४

आता ती तीन शिवारे पाहू. पहिले ‘लोक’. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर पुढे नोकरीच्या निमित्ताने सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत गेल्या. १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड, हजेरीच्या धाकात ठेवण्याची व्यवस्था होती. मालतीबाई तेथे सरकारी अधिकारी म्हणून गेल्या, साहित्यिक म्हणून विषय शोधायला नव्हे. ‘बळी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे जे जीवन त्यांनी तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात पाहिले, ते कादंबरीत यायला दहा वर्षांच्या आसपास काळ गेला. पाहणे आणि लिहिणे यांमधील हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. त्या काळात पाहिलेल्याचा वृत्तान्त राहिला नाही, त्याचा प्रश्न झाला : सुधारणेसाठी घातलेले कुंपण माणसाचे काय करते? आणि त्या कुंपणाच्या व्यवस्थेत स्वतः काम केलेली लेखिका हा प्रश्न विचारीत होती.

हेच पुढे विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’च्या (१९९१) बाबतीत दिसते. प्रशासकीय सेवेत असताना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी माणदेशात शाळामास्तर होते. ‘बनगरवाडी’ (१९५५) तेथून आली. या तिन्ही उदाहरणांत लेखकाचे त्या ठिकाणी काही काम होते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काम असलेल्या माणसाला लोक ज्या रीतीने दिसतात, त्या रीतीने ते नुसत्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. मास्तराला मुले शाळेत का येत नाहीत हे शोधावे लागते. अधिकाऱ्याला कागदावर सही करावी लागते. त्यामुळे त्याचे हात त्या व्यवहारात अडकलेले असतात. कादंबरीचे बीज बहुधा अशा अडकलेल्या हाताला लागते.

दुसरे शिवार ‘शास्त्र’. आजच्या संदर्भात याचा अर्थ माहितीची, कागदपत्रांची आणि ज्ञानाची सर्व साधने असा घ्यावयास हवा. सातबाराचे उतारे, जुने फेरफार, कोर्टाचे दावे, बाजार समितीच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर, ग्रामपंचायतीची इतिवृत्ते यांत कादंबऱ्या पडून असतात. फेरफाराच्या एका ओळीत ‘बहिणींनी हक्क सोडला’ असे लिहिलेले असते. त्या ओळीमागे एक दिवाळी, एक भाऊबीज आणि एक न बोललेले वाक्य असते. माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरांच्या टोळ्यांवरची कादंबरी. रानात बसून प्राण्यांना पाहण्याचा अनेक वर्षांचा परिपाठ नसता, तर ती लिहिताच आली नसती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठीत कादंबरी लिहू पाहणाऱ्या किती जणांनी त्या केवळ लोकसाहित्याचा नमुना म्हणून न पाहता, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले रोजनामे म्हणून वाचल्या असतील?

तिसरे ‘काव्य’, म्हणजे आधीचे साहित्य. येथे आपल्याकडे एक भाबडा अभिमान आड येतो; वाचनातून बीज आले म्हणजे लेखन अस्सल नाही, असे मानले जाते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ला (१९६७) महाभारताबरोबरच केदारनाथ मिश्र यांच्या कर्णावरील हिंदी काव्याची प्रेरणा होती. एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेतील लेखकाच्या मनात पडली आणि तिने स्वतंत्र रूप घेतले. वाचन बीज देते ते अनुकरणाच्या वाटेने नव्हे, तर ‘येथे काही सांगायचे राहून गेले आहे’ या अस्वस्थतेच्या वाटेने. ज्या वाचकाला ही अस्वस्थता होत नाही, त्याने कितीही वाचले तरी तो बहुश्रुत होईल, लेखक होणार नाही.

या तिन्ही शिवारांना सामाईक असा एक घटक आहे, तो म्हणजे काळ आणि अंतर. श्री. ना. पेंडसे यांची नोकरी मुंबईत ‘बेस्ट’मध्ये होती आणि त्यांच्या कादंबऱ्यांची भूमी दापोलीच्या परिसरातील कोकण. ‘गारंबीचा बापू’ १९५२ची आणि ‘तुंबाडचे खोत’ १९८७ची. पस्तीस वर्षे ती भूमी त्यांना पुरली. अण्णा भाऊ साठे मुंबईच्या कामगारवस्तीत राहून वाटेगावच्या फकिराकडे वळले आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये, लेखकाच्या पंचविशीत आली. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये. एकाच लेखकाच्या बाबतीत एक बीज तारुण्यातच उगवून आले आणि दुसऱ्याला दशके लागली. बीजाला किती काळ लागेल याचा नियम नाही. पण ते टाकून न देता जवळ ठेवावे लागते, एवढा नियम दिसतो. टॉलस्टॉयने १८७२च्या जानेवारीत आपल्या जहागिरीजवळच्या रेल्वे स्थानकावर आगगाडीखाली जीव दिलेल्या एका शेजारणीचा देह पाहिला. तो ‘आना कारेनिना’ लिहावयास बसला पुढच्या वर्षी. मधल्या काळात तो दुसऱ्याच विषयावरील कादंबरीची जुळवाजुळव करीत होता.

५

आता मला ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगते. संबंधित विद्यार्थ्याची अनुमती घेतली आहे आणि त्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मराठवाड्यातील एका ऊसतोड कुटुंबातून आलेला हा विद्यार्थी. त्याने साठ-सत्तर पानांचा मजकूर मला वाचावयास दिला. पुण्यातील एका चित्रकाराचे एकाकीपण हा त्याचा विषय होता. भाषा स्वच्छ होती. पण चित्रकाराला रंगांचा वास येत नव्हता आणि त्याचे एकाकीपण इतर कादंबऱ्यांतून उसने आणलेले होते. मी त्याला सहज म्हणून गेले, ‘हा विषय तुझा नाही. तू ऊसतोडीवर का लिहीत नाहीस?’ माझ्या मते मी मोठेच सूत्र सांगत होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, पुण्याच्या मुलानं खेड्यावर लिहिलं तर त्याला कल्पनाशक्ती म्हणतात. मी चित्रकारावर लिहिलं तर मला फडावर परत पाठवतात.’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. साठोत्तरी साहित्याने अनुभवाच्या अस्सलतेचा जो आग्रह धरला, तो त्या काळी मुक्त करणारा होता. ज्यांचे जगणे साहित्याच्या बाहेर ठेवले गेले होते, त्यांना त्या आग्रहाने दार उघडून दिले. पण शिक्षकाच्या तोंडी तोच आग्रह नेमून दिलेल्या जागेसारखा होऊ शकतो. दलित विद्यार्थ्याने यातना लिहाव्यात, ग्रामीण विद्यार्थ्याने दुष्काळ लिहावा, स्त्रीने स्वयंपाकघर लिहावे आणि उरलेले सगळे जग इतरांसाठी मोकळे असावे, ही वाङ्मयीन जमीनदारीच झाली. ‘आपल्या अनुभवावर लिहा’ हे माझे उत्तर किती अपुरे होते, ते मला त्या दिवशी कळले.

तो मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात एकच पान जिवंत होते. चित्रकाराचा घरमालक भाड्याची वही काढतो, बोटाला थुंकी लावून पाने उलटतो, बाकीच्या आकड्यावर अंगठा ठेवून बोलतो, असे ते पान. मी पुढच्या भेटीत एवढेच विचारले, ‘हे पान कुठून आलं?’ त्यावर जे निघाले ते असे. तो सातवीत असताना टोळीत लिहिता येणारा तो एकटाच होता. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल द्यायचा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचलीची वही लिहायचे काम या मुलाकडे आले. नाव, रक्कम, अंगठा. हंगाम संपला की कोणाची फिटली, कोणाची पुढच्या वर्षावर गेली, तेही त्यानेच लिहायचे. त्याच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च मुकादम करी. एका वर्षी त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या नावापुढे मुकादमाने सांगितलेला आकडा जास्त होता, हे त्याला कळले होते. त्याने तो आकडा लिहिला. चुलत्याने विश्वासाने अंगठा दिला.

‘हे तू कधी लिहिलं नाहीस?’ मी विचारले. त्याने खरोखरच्या नवलाने उत्तर दिले, ‘त्यात काय लिहायचं, मॅडम? हिशेबाची वही ती.’

६

या उत्तरात लेखाचा सारा विषय आला आहे. ‘ऊसतोड’ हा विषय होता आणि तो त्याने नाकारला, ते योग्यच केले. ‘वही लिहिणारा मुलगा’ हे बीज होते. अक्षरओळख माणसाला मुक्त करते हे आपण शाळेपासून ऐकतो. या मुलाच्या अक्षराने त्याच्या माणसांना बांधून घातले होते आणि त्याच अक्षराच्या जोरावर तो आज आमच्या विभागात बसला होता. या पेचाचे उत्तर त्याच्यापाशी नाही, माझ्यापाशी नाही, समाजशास्त्राच्या पुस्तकातही नाही. आणि ते बीज इतके चिवट, की त्याने पुण्याच्या चित्रकारावर लिहायला घेतले तरी ती वही घरमालकाच्या हाती येऊन बसली. लेखक विषय बदलू शकतो. बीज त्याच्या मागोमाग येते. चित्रकारावर लिहिण्याचा त्याचा हक्क अबाधितच आहे. पण त्या चित्रकाराच्या घरातही ही वही कोठेतरी असणार.

यावरून बीज ओळखण्याच्या काही खुणा सांगता येतील, असे मला वाटते. पहिली खूण : ते सोडून दिले तरी वाढते. विषय विसरता येतो. बीज इतर लेखनात, बोलण्यात, स्वप्नात डोकावते. दुसरी : ते आपल्याबरोबर माणसे आणते. कथेचे बीज एका क्षणात मावू शकते, कादंबरीचे मावत नाही. वहीबरोबर मुकादम येतो, चुलता येतो, चुलती येते, आई येते; आणि प्रत्येकाची बाजू त्याच्यापुरती खरी असते. तिसरी : त्यात काळ असतो. ही वही दरवर्षी नव्याने सुरू होते आणि जुनी बाकी तिच्यात उतरते. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : त्यात लेखकाचा स्वतःचा काही दोष किंवा देणे असते. ज्या हकीकतीत लेखक सर्वस्वी निर्दोष आहे, तिचा लेख होतो, तक्रार होते. कादंबरी क्वचितच होते. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेच्या चर्चेत आत्मनिष्ठेचे तत्त्व मांडले. त्या तत्त्वाचा माझ्यापुरता व्यावहारिक अर्थ मी असा लावते, की लेखकाने आपला हात त्या वहीवर होता हे लपवू नये.

या खुणा पटण्यासाठी हाताशी सामग्री लागते. म्हणून नोंदवहीचा आग्रह. मात्र नवोदितांच्या नोंदवह्या बहुधा भावनांनी भरलेल्या असतात : आज फार उदास वाटले, पाऊस पाहून मन भरून आले. या नोंदी दोन वर्षांनी निरुपयोगी ठरतात, कारण त्यांतून पाऊस परत उभा राहत नाही. नोंद असावी ती शब्दाची, किमतीची, जागेची, क्रमाची. कोण कोठे बसले होते, आधी कोण उठले, पैसे कोणत्या हाताने दिले, कोणत्या नावाने हाक मारली आणि भांडण झाल्यावर ती हाक कशी बदलली. ऐकलेली हकीकत संपूर्ण मिळविण्याची घाईही करू नये. हेन्‍री जेम्सला भोजनप्रसंगी शेजारच्या बाईंनी सांगितलेल्या एका आई-मुलाच्या भांडणातून कादंबरी सुचली. बाई पुढची हकीकत सांगू लागल्या, तेव्हा ती आपल्याला नकोशी झाली, असे त्याने नमूद केले आहे. बीजापुरते मिळाले होते. वास्तवात पुढे काय घडले, याने कल्पनेची वाट अडली असती. हे तंत्र वाटेल, पण त्यामागे एक जाण आहे : लेखकाला घटना हवी नसते, घटनेतील प्रश्न हवा असतो.

७

येथे एक आक्षेप येईल. दुसऱ्याचे आयुष्य असे नोंदवून घेण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? आक्षेप रास्त आहे. माझ्या विद्यार्थ्याचा चुलता हयात आहे. मुकादम त्याच्या नात्यातला आहे. कादंबरी छापली गेली तर वाचता न येणाऱ्या चुलत्याला ती कोणीतरी वाचून दाखवील. ‘पूर्वी एकदा त्याच्या नावावर खोटं लिहिलं, आता खरं लिहिलं तरी त्याला विचारायला नको का?’ असे तो मला म्हणाला. नावे बदलणे, गावे बदलणे हे उपाय आहेत. पण ते कायद्यापुरते. खरा उपाय लेखनातच शोधावा लागतो. ज्याच्याविषयी लिहिले, तो वाचील असे धरून लिहिणे आणि त्याला कादंबरीत आपल्याइतकीच गुंतागुंत देणे. चुलता केवळ फसलेला आणि मुकादम केवळ फसविणारा राहिला, तर चुलत्याचा अंगठा दुसऱ्यांदा घेतल्यासारखे होईल.

मराठी विभागांनी काय करावे, याविषयी मोठ्या योजना मांडण्याचा माझा अधिकार नाही. लेखक घडविणे हे विभागाचे काम नव्हे, असे म्हणणारे सहकारी आहेत आणि त्यांचे म्हणणे अंशतः मला मान्य आहे. शक्ती कोणालाच देता येत नाही. परंतु निपुणता आणि अभ्यास यांची व्यवस्था करणे हे जर विद्यापीठाचे काम नसेल, तर कोणाचे आहे? कादंबरी शिकविताना प्रत्येक कृतीबाबत एक तास तरी ‘हे लेखकापाशी कोठून आले असेल?’ या प्रश्नासाठी ठेवावा. विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी जसे ग्रंथालयात पाठवितो, तसे एखाद्या कचेरीत, बाजारात, आजीपाशी पाठवावे. आणि त्याने आणलेल्या नोंदीला गुण न देता ती वाचावी. वाचताना आपल्या आवडीचा विषय त्याच्यावर लादू नये. ‘यातलं जिवंत पान कोणतं आणि ते कुठून आलं?’ एवढे विचारावे. हा प्रश्न विचारायला मला पंधरा वर्षे लागली, याची खंत वाटते. इतक्या वर्षांत किती जण ‘त्यात काय लिहायचं?’ असे म्हणून वही मिटून गेले असतील, याची मोजदाद करता येणार नाही.

तो विद्यार्थी सध्या लिहीत आहे. कादंबरी पूर्ण होईल की नाही, झाली तर चांगली होईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही; बीज चांगले म्हणून पीक चांगले येतेच असे नाही. गेल्या महिन्यात तो गावी जाऊन आला. जुन्या वह्या मुकादमाने केव्हाच रद्दीत घातल्या होत्या. चुलत्यापाशी बसून त्याने टोळीतल्या कोयत्यांची नावे आठवून आठवून कागदावर उतरवली. चुलता एकेक नाव सांगत गेला आणि प्रत्येक नावापाशी त्या वर्षीची बाकीही सांगत गेला. वाचता न येणाऱ्या त्या माणसाला सगळे आकडे पाठ होते. स्वतःच्या नावापाशी आल्यावर त्याने खरा आकडा सांगितला.